'त्रास देणे' इंग्रजीत नेमके कसे म्हणावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरी दर रविवारी सकाळी, पोहे-जलेबी आटोपल्यावर, दहा-बारा मराठी माणसे इंग्रजी लिहिण्याचा सराव करायला जमतात. कोणी बारावीत आहे, कोणी वकिलाकडे उमेदवारी करतो, कोणी परदेशातल्या नातवंडांशी फोनवर धड बोलता यावे म्हणून येतो. या मंडळींच्या वह्यांमध्ये ज्या एका क्रियापदाने सर्वांत जास्त घोळ घातला, ते म्हणजे 'त्रास देणे'. त्याविषयी पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

'त्रास देणे' याला इंग्रजीत इतके शब्द कशाला? एक का पुरत नाही?

मराठीत तरी एक कुठे पुरतो? मूल आईला भंडावते, सावकार कुळाला गांजतो, मित्र चिडवतात, भांडखोर शेजारी डिवचतो, डास हैराण करतात आणि जुना अपमान सलत राहतो. यांतल्या कोणत्याही दोन क्रियापदांची अदलाबदल केली, तर ऐकणाऱ्याला ती लगेच खटकेल. बोलताना हे सगळे शब्द आपल्या तोंडी अगदी सहज येतात. पण इंग्रजी लिहायला बसलो, की मनातल्या मनात या साऱ्यांचे एकच 'त्रास देणे' होते आणि त्यापुढे 'डिस्टर्ब', 'इरिटेट' किंवा 'टॉर्चर' यांपैकी जो आधी आठवेल तो शब्द चिकटवला जातो.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की ही चूक इंग्रजीत होत नाही, ती त्याआधी मराठीत होते. मराठी क्रियापद ढोबळ निवडले, की इंग्रजीही ढोबळच येणार. आमच्या वर्गात शब्दकोश उघडण्याआधी वाक्य पुन्हा एकदा मराठीत लिहायला सांगितले जाते आणि तीन गोष्टी विचारल्या जातात : समोरच्याने हे मुद्दाम केले का, एकदाच केले की सतत, आणि शेवटी आपल्यापाशी काय उरले, चीड, थकवा की भीती. या तीन उत्तरांवरच पुढचे सगळे शब्द वेगवेगळे होतात.

'ॲनॉय' आणि 'इरिटेट' यांत खरोखर काही फरक आहे का?

रोजच्या बोलण्यात फारसा नाही, आणि इंग्रज माणूसही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. तरीही कान देऊन ऐकले तर एक छटा जाणवते.

आमच्या गल्लीत एक स्कूटर आहे. तिचा मालक सकाळी सहाला मुलाला शिकवणीसाठी खाली बोलवायचे म्हणून हॉर्न वाजवतो. पहिल्या दिवशी झोपमोड झाली, मी कूस बदलली आणि मनात दोन शब्द बोलून गप्प बसले. ही झाली 'ॲनॉयन्स' : बाहेरून आलेला, नकोसा वाटलेला, पण आला तसा गेलेला त्रास. महिनाभर रोज तेच घडल्यावर मात्र पावणेसहालाच जाग येऊ लागली आणि हॉर्न वाजण्याच्या आधीच कपाळाला आठी पडू लागली. ही 'इरिटेशन'. तिची जागा आता गल्लीत नसून माझ्या आत आहे. डॉक्टर मंडळी हाच शब्द त्वचेबद्दल वापरतात ते उगाच नाही : लोकरीचा कपडा एकदा लागला तर काही होत नाही, घासत राहिला तर चामडी लाल होते. कातडीची जशी चुरचुर, तशी मनाची चिडचिड, आणि 'चिडचिड' हाच 'इरिटेशन'ला सर्वांत जवळचा मराठी शब्द आहे.

गोष्ट येथे थांबत नाही. मी एकदा त्या गृहस्थांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतले, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉर्न वाजवला. चौथ्यांदा सांगूनही काही होत नाही असे पाहिल्यावर मी हात टेकले. या हात टेकण्याला इंग्रजीत 'एक्झास्परेट' होणे म्हणतात. त्यात रागापेक्षा हतबलता अधिक असते. आणि समजा, माझ्या तक्रारीनंतर त्यांनी मुद्दाम माझ्याच खिडकीखाली येऊन हॉर्न दाबून धरला असता, तर शब्द बदलला असता : 'प्रोव्होक'. हॉर्न तोच, आवाज तोच, पण हेतू आल्याबरोबर क्रियापद वेगळे झाले.

'ॲनॉय' हा पूर्वीपासूनच इतका सौम्य शब्द होता का?

नव्हता. त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'इन ओडिओ' या शब्दप्रयोगात आहे, ज्याचा अर्थ एखादी गोष्ट तिरस्काराची असणे. 'ओडियस' म्हणजे घृणास्पद, हा त्याच कुळातला. तेथून तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. अठराव्या शतकातल्या इंग्रजी लष्करी लिखाणात शत्रूला 'ॲनॉय' करणे म्हणजे त्याला प्रत्यक्ष नुकसान पोहोचवणे. फ्रेंचमध्ये याच मुळापासून झालेला 'आन्वी' हा शब्द मात्र कंटाळ्याकडे वळला. याच घराण्यातला 'नॉइसम' हा शब्द परीक्षेत हमखास चकवतो. त्याचा 'नॉइज' म्हणजे आवाजाशी काडीचा संबंध नाही. तो 'ॲनॉय'चे डोके कापून झालेला शब्द आहे आणि त्याचा अर्थ घाणेरडा, विशेषतः दुर्गंधी असलेला.

'आय ॲम इरिटेटिंग' असे म्हटले तर चालेल का?

चालेल, पण त्याचा अर्थ 'मी लोकांना वैताग आणतो' असा होईल. आपल्याला त्रास झाला असेल तर 'इरिटेटेड' म्हणावे, आपल्यामुळे दुसऱ्याला होत असेल तर 'इरिटेटिंग'. माणसावर चिडलो असलो तर 'ॲनॉइड विथ', गोष्टीवर चिडलो असलो तर 'ॲनॉइड ॲट' किंवा 'ॲनॉइड बाय'.

फोन केल्यावर 'सॉरी टु डिस्टर्ब यू' म्हणावे की 'सॉरी टु बॉदर यू'?

दोन्ही सभ्य आहेत. 'डिस्टर्ब' म्हणजे जे चालू होते ते मोडणे : झोप, बैठक, अभ्यास, पूजा. हॉटेलच्या दारावरच्या पाटीवर म्हणूनच तो शब्द असतो. 'बॉदर' म्हणजे समोरच्याला तसदी देणे. दुपारी दोन वाजता कोणाला फोन करून उठवले असेल तर 'डिस्टर्ब', आणि एखाद्याचा पत्ता विचारण्यासाठी दुसऱ्यांदा फोन केला असेल तर 'बॉदर'. आपल्याकडे 'तसदीबद्दल क्षमस्व' असे लिहितात, ते नेमके याच जागेवर बसते. 'बॉदर'ला आणखी एक उपयोग आहे जो 'डिस्टर्ब'ला नाही : 'डोन्ट बॉदर' म्हणजे 'राहू द्या, कशाला उगाच'. पाहुणा चहा नको म्हणताना हेच म्हणतो. फक्त आवाजात गोडवा हवा, नाही तर तेच दोन शब्द रुसल्यासारखे ऐकू येतात.

'पेस्टर', 'बॅजर' आणि 'नॅग' हे तिन्ही 'मागे लागणे' या अर्थाचे आहेत. मग फरक कोणता?

तिन्हींत सातत्य आहे आणि तिन्हींत मागे लागणाऱ्याला काहीतरी हवे आहे. हे 'ॲनॉय' आणि 'इरिटेट' यांत आवश्यक नसते. स्कूटरवाल्याला माझ्याकडून काहीच नको होते.

'पेस्टर' हा 'पेस्ट' म्हणजे उपद्रवी किडा यावरून आला असे वाटते, आणि त्या शब्दाची सावली त्याच्यावर पडली हेही खरे; पण मूळ जुन्या फ्रेंचमधल्या घोड्याच्या पायात दावे अडकवण्याच्या क्रियापदात आहे. चालू लागलेल्या माणसाच्या पायात घुटमळणे, हेच चित्र डोळ्यांपुढे आणावे. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री भुट्ट्याचा कीस खाऊन झाल्यावरही 'आता गराडू, आता गराडू' म्हणत आजोबांचा सदरा ओढणारे नातवंड 'पेस्टर' करते. यात राग असला तरी तो लटका असतो.

'बॅजर' हे बिळात राहणाऱ्या एका प्राण्याचे नाव आहे. इंग्लंडात त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ होता, आणि त्या खेळातून हे क्रियापद आले. म्हणून यात घेरले जाण्याची भावना असते : चारी बाजूंनी प्रश्न, उत्तर दिले तरी पुढचा प्रश्न. उलटतपासणीत वकील साक्षीदाराला करतो ते 'बॅजरिंग', आणि आपल्याकडे त्याला भंडावून सोडणे म्हणतात.

'नॅग' उत्तर युरोपातल्या भाषांमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ कुरतडणे. एकाच जागी, बारीक, न थांबता. 'नॅगिंग पेन' म्हणजे असह्य नसलेले, पण क्षणभरही विसरू न देणारे दुखणे. माणसांच्या बाबतीत तो भुणभुण किंवा टुमणे लावणे याच्या जवळ जातो. येथे एक सावधगिरी बाळगावी. इंग्रजीत हा शब्द फार काळ जवळजवळ केवळ बायकांसाठी राखून ठेवला गेला, म्हणजे नवरा आठवण करून देतो आणि बायको 'नॅग' करते. वीजबिल भरायची आठवण तीनदा करावी लागली तर दोष आठवण करणाऱ्याचा की विसरणाऱ्याचा, हे ठरवून मग तो शब्द वापरावा.

'टीझ' म्हणजे चिडवणेच ना? मग 'ईव्ह-टीझिंग' हा शब्द काहींना का खटकतो?

'टीझ'चे मूळ फार बोलके आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लोकर पिंजणे असा होता : गुंतलेले तंतू ओढून ओढून सुटे करणे. पूर्वी गल्लीत पिंजारी येऊन धनुकलीच्या टणत्काराने गादीतला कापूस मोकळा करीत असे. त्याने कापसाला जे केले, ते मित्र एखाद्या लाजाळू मुलाला करतात. 'टीझ आउट' या प्रयोगात गुंता सोडवण्याचा तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. चिडवण्यामध्ये आपलेपणा असू शकतो, आणि तोच 'टीझ'चा स्वभाव आहे : लग्न ठरलेल्या मुलीला बहिणी 'टीझ' करतात आणि तिला ते आतून आवडतही असते.

आता याच शब्दापुढे 'ईव्ह' लावून रस्त्यावर मुलीचा पाठलाग करणे, अश्लील बोलणे, अंगाला हात लावणे या सगळ्याला 'टीझिंग' म्हटले, की गुन्ह्याला थट्टेचा वास येतो. हा शब्दप्रयोग भारतीय इंग्रजीतला आहे. लंडनच्या माणसाला तो समजावून सांगावा लागतो. २०१३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा लैंगिक छळ, चोरून पाहणे आणि पाठलाग हे स्वतंत्र गुन्हे म्हणून लिहिले गेले, आणि त्यांना त्यांची स्वतःची नावे मिळाली. पत्रात किंवा तक्रारीत तीच नावे वापरावीत. मराठीतही 'छेड काढणे' याची तीच अडचण आहे, हे कबूल केले पाहिजे.

'प्रोव्होक', 'गोड' आणि 'नीडल' कधी वापरावेत?

समोरच्याने मुद्दाम केले असेल आणि आपण काहीतरी करून बसावे अशी त्याची इच्छा असेल तेव्हा. लॅटिनमध्ये 'प्रोव्होक'चा अर्थ आहे पुढे बोलावणे, आणि आपल्याकडचे 'हिंमत असेल तर ये' हे त्याचेच रूप आहे. कुरापत काढणे हा त्याचा नेमका मराठी जोडीदार. मात्र तो चांगल्या अर्थानेही येतो : 'थॉट-प्रोव्होकिंग' म्हणजे विचाराला चालना देणारे.

कायद्यात या शब्दाचे वजन मोठे आहे. 'ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन', म्हणजे गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ, सिद्ध झाला तर खुनाचा आरोप सौम्य होऊ शकतो. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळी घातली, त्या प्रकरणात बचाव याच शब्दांवर उभा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये तो फेटाळला, कारण पत्नीचे प्रेमसंबंध कळणे आणि गोळी झाडणे यांच्यामध्ये मन शांत होण्याइतका वेळ गेला होता. थोडक्यात, 'सडन' या विशेषणावर एका माणसाची जन्मठेप अवलंबून होती. आमच्या वर्गातल्या उमेदवार वकिलाने हे ऐकल्यावर आपल्या वहीतले तीन 'प्रोव्होक' खोडले.

'गोड' हा शब्द देवनागरीत लिहिला की हसू येते, कारण तो गोड मुळीच नाही. बैलाला टोचायची टोकदार काठी, म्हणजे आपली पराणी, तिला इंग्रजीत हे नाव आहे. पराणी टोचली की बैल पुढे सरतो. तसे एखाद्याला टोमणे मारमारून कृतीला भाग पाडणे म्हणजे 'गोड' करणे. 'नीडल' मध्ये टोचणे आहे पण पुढे ढकलणे नाही. जेवणाच्या पंगतीत एखादी आत्या हसतमुखाने 'अजून नोकरी नाही का रे?' असे तिसऱ्यांदा विचारते, ते 'नीडल' करणे.

तक्रारीच्या अर्जात 'हॅरस' लिहावे का?

पुरावा असेल तरच. हा प्रश्न मी इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने घेते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

वीस वर्षे झाली असतील. वडिलांच्या पेन्शनच्या कागदासाठी एका कार्यालयात मला चार खेपा घालाव्या लागल्या. प्रत्येक वेळी तिथले बाबू म्हणत, 'कल आ जाइए'. चौथ्या खेपेनंतर मी घरी येऊन झोकदार इंग्रजीत अर्ज लिहिला, की आपले कर्मचारी मला 'हॅरस' करीत आहेत. आठ दिवसांनी चौकशीचे बोलावणे आले. अधिकाऱ्यांनी विचारले, पैसे मागितले का? अपशब्द बोलले का? काही कारणाने तुमच्यावर राग धरून फाइल अडवली का? तिन्हींचे उत्तर नाही असेच होते. समोरच्या खुर्चीत ते बाबू बसले होते, चश्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत. निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलेले, बदली होऊन नवीन टेबलावर आलेले आणि जुने रजिस्टर कोठे ठेवले आहे हेच न सापडलेले. मला जे म्हणायचे होते ते 'कॉज्ड मी ग्रेट इनकन्व्हीनियन्स' एवढेच होते. मराठीत मी 'हेलपाटे घालायला लावले' असे म्हणाले असते, 'छळ केला' असे कधीच म्हणाले नसते.

'हॅरस' म्हणजे वारंवार, लहान-लहान हल्ल्यांनी माणसाला टेकीस आणणे. हा मुळात युद्धाच्या भाषेतही वावरणारा शब्द आहे, आणि तो समजून घ्यायला इंदूरकराला लांब जायला नको. १८०४ च्या पावसाळ्यात इंग्रजांच्या कर्नल मॉन्सनची फौज मुकुंदऱ्याच्या खिंडीकडून आग्र्यापर्यंत मागे हटत गेली, आणि यशवंतराव होळकरांच्या घोडदळाने तिला वाटभर स्वस्थ बसू दिले नाही. एकच मोठी लढाई देऊन निकाल लावणे वेगळे, आणि चिखलातून, नदीनाल्यांच्या पुरातून चालणाऱ्या फौजेच्या पिछाडीवर रोज तुटून पडणे वेगळे. दुसऱ्याला इंग्रजी इतिहासकार 'हॅरस' म्हणतात. त्यात हेतू आहे, सातत्य आहे, आणि शेवटी समोरच्याचा जीव मेटाकुटीला येणे आहे. या तिन्ही गोष्टी असतील तर शब्द बेलाशक वापरावा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली झालेल्या कायद्याच्या इंग्रजी नावात हाच शब्द आहे, आणि तो सैल वापरला तर ज्यांना त्याची खरी गरज आहे त्यांच्याच तक्रारीची धार कमी होते.

उच्चाराबद्दल नेहमी विचारले जाते म्हणून सांगते : आघात पहिल्या अक्षरावर दिला तरी चालतो, दुसऱ्यावर दिला तरी चालतो.

नुसत्या 'ॲनॉय' करण्याने गुन्हा होतो का?

वाटते तितका हा प्रश्न बालिश नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत 'ॲनॉयन्स' हा शब्द अनेक ठिकाणी होता. दारू पिऊन सार्वजनिक जागी कोणाला 'ॲनॉयन्स' होईल असे वागल्यास चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कैद तेवढीच राहिली, दंड हजार रुपयांपर्यंत गेला आणि समाजसेवेचा पर्याय आला. या कलमात मात्र 'ॲनॉयन्स'ला दारूची आणि सार्वजनिक जागेची जोड आहे. शब्द एकटा नाही.

तो जवळजवळ एकटा पडला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ या कलमात. खोटे आहे हे माहीत असूनही कोणाला 'ॲनॉयन्स' किंवा 'इनकन्व्हीनियन्स' व्हावी म्हणून संगणकावरून वारंवार काही पाठवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद. याच यादीत पुढे धोका, अपमान, शत्रुत्व आणि द्वेष असे शब्द होते. भाषेच्या शिक्षकाने ही यादी वाचली की त्याचा पहिला आक्षेप हाच असेल, की वैताग आणि शत्रुत्व एका ओळीत कसे बसले? सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवले, आणि त्यामागच्या कारणांपैकी एक शब्दांच्या अर्थाचेच होते : एकाला ज्याने त्रास होतो त्याने दुसऱ्याला होईलच असे नाही, आणि कोठे रेघ ओढायची हे या शब्दांवरून कोणालाच कळू शकत नाही.

'व्हेक्स' आता कोणी वापरते का?

बोलण्यात फारसे नाही. पण 'व्हेक्स्ड क्वेश्चन' म्हणजे बराच काळ वादात हेलकावे खाणारा प्रश्न, हा प्रयोग जिवंत आहे. लॅटिनमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ हलवणे, हिसडणे असाच होता. दुसरे ठिकाण म्हणजे न्यायालय. पुन्हा पुन्हा निराधार दावे लावून प्रतिपक्षाला जेरीस आणणे याला 'व्हेक्सेशस लिटिगेशन' म्हणतात. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९७१ सालचा कायदा आहे. मध्यप्रदेशाने २०१५ मध्ये कायदा केला तेव्हा त्याच्या हिंदी नावात 'तंग करने वाली मुकदमेबाजी' असे शब्द घातले. मला हे भाषांतर मनापासून आवडते. संस्कृतातला एखादा जड शब्द शोधण्यापेक्षा गल्लीतला 'तंग करना' उचलणाऱ्या माणसाला भाषेचा कान होता.

'ॲग्रव्हेट', 'एक्झास्परेट' आणि 'एक्झॅसर्बेट' यांत मी नेहमी गोंधळतो. काय करावे?

मुळाकडे पाहावे. 'ॲग्रव्हेट'च्या पोटात 'जड' आहे, म्हणून त्याचा पहिला अर्थ आधीच असलेल्या गोष्टीचा भार वाढवणे : पाठदुखी, भांडण, गुन्हा. माणसाला 'ॲग्रव्हेट' करणे म्हणजे चिडवणे हा अर्थही काही शतके जुना आहे, पण काटेकोर लोक अजून नाक मुरडतात. औपचारिक लिखाणात टाळलेला बरा. 'एक्झॅसर्बेट' फक्त गोष्टींसाठी, माणसांसाठी कधीच नाही. 'एक्झास्परेट' फक्त माणसांसाठी. त्याच्या पोटात 'खरखरीत' आहे, आणि त्याबद्दल वर हॉर्नच्या गोष्टीत सांगितलेच आहे.

जुन्या इंग्रजी पुस्तकात 'मोलेस्ट' म्हणजे त्रास देणे असे वाचले. तो वापरू का?

नका. लॅटिनमध्ये आणि जुन्या इंग्रजीत तो साधा उपद्रव होता, स्पॅनिशमध्ये आजही आहे, परंतु आजच्या इंग्रजीत तो लैंगिक अत्याचाराचा शब्द आहे. एका आजोबांनी पार्कातल्या भटक्या कुत्र्यांविरुद्ध लिहिलेल्या अर्जात तो आला होता. अर्ज जाण्याआधी सापडला हे नशीब.

नातू 'पिस्ड ऑफ' म्हणतो. आम्ही म्हणावे का?

समजून घ्यावे, म्हणू नये. तो ग्राम्य आहे. शिवाय 'ऑफ' गाळून नुसते 'पिस्ड' म्हटले तर अमेरिकेत चिडलेला आणि ब्रिटनमध्ये दारू प्यालेला. घरगुती बोलण्यात 'इट बग्ज मी' पुरेसे आहे.

आम्ही इंदूरचे लोक हिंदीतून विचार करतो. त्याने काही घोटाळा होतो का?

होतो, आणि सर्वांत मोठा 'हैराण'चा. हिंदीत 'मैं हैरान हूँ' म्हणजे मी चकित झालो, मराठीत 'मी हैराण झालो' म्हणजे मी दमलो, त्रासलो. शब्द मुळात एकच, पण नर्मदेच्या दोन बाजूंना दोन अर्थ. आपल्या घरांतून दोन्ही भाषा एकाच श्वासात बोलल्या जातात, त्यामुळे वर्गात एकदा 'उन्हाने हैराण झालो' याचे इंग्रजी 'सरप्राइज्ड बाय द हीट' असे आले होते. 'परेशान' हाही असाच पसरट आहे. तो काळजी, अडचण आणि उपद्रव या तिन्हींना चालतो. 'बेटा परेशान है' याचे इंग्रजी 'वरीड' आहे, आणि 'बेटा परेशान करता है' याचे 'पेस्टर'. मधे 'डिस्टर्ब्ड' घातले तर ऐकणाऱ्याला मुलाचे मानसिक संतुलन बिघडले आहे असे वाटेल.

त्रास देणारा माणूस केव्हाच निघून गेला, पण त्रास राहिला. याला शब्द आहे का?

आहे : 'रॅंकल'. हा या यादीतला माझा सर्वांत आवडता शब्द, आणि सर्वांत वेगळाही, कारण याचा कर्ता सहसा माणूस नसून प्रसंग असतो. 'त्याने मला रॅंकल केले' असे होत नाही. 'ती गोष्ट रॅंकल करते' असे होते. मराठीतल्या 'सलणे'चे व्याकरण अगदी असेच आहे.

याचे मूळ मागे मागे नेले तर लॅटिनमधल्या 'ड्राकुंकुलस' या शब्दापाशी पोहोचते. त्याचा अर्थ लहान सर्प. त्यावरून चिघळलेल्या फोडाला जुन्या फ्रेंचमध्ये नाव पडले आणि तेथून हे क्रियापद झाले. हेच लॅटिन नाव वैद्यकशास्त्राने नारूच्या जंतूला दिले आहे. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यामुळे वर्गातल्या मुलांना तो ठाऊक नव्हता. पण माळव्यातल्या एका खेड्यात बालपण गेलेल्या एका आजोबांनी बावडीचे पाणी, पायावरचा फोड आणि त्यातून डोकावणारा पांढरा दोरा यांचे वर्णन केले : तो ओढून काढता येत नाही, तुटला तर आत सडतो, म्हणून एका काडीभोवती रोज थोडा थोडा गुंडाळत राहायचे. सगळे गप्प झाले. मग त्यांनी वही उघडून त्या दिवशीचे वाक्य लिहिले, की १९७८ साली साहेबांनी सर्वांदेखत आपली फाइल फेकली होती, आणि 'इट स्टिल रॅंकल्स'. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.